द्राक्षटमाटराची पैसेवारी

मौजा मोहटोला, तालुका मूल
२४ नोव्हेंबर, मंगळवार

तीर्थस्वरूप इवाईजी गोपालजी, मुक्काम गडचिरोली, यांच्या पायाशी रामाजीचा रामराम पोचावा. (इवाई-इवाई बरोबरीचे असतात, पायाशी कशाले, असं रुखमाबाई मागून म्हणून राह्यली. पण मी पोरीचा बाप आहे आणि या खेपेले चूकही माझीच आहे, म्हणून पायाशीच राहू द्यावं.) तुमचं बीपी कसं आहे? इहीनबाईंच्या गुडघ्याले तेल लावणं चालू आहे ना? जावईबापूंची खोकल्याची ढास गेली असेल. इकडं आमी सारे बरे आहोत. धान कापणीनं माझ्या टाचा फाटल्या, त्यात मेण भरून चालून राह्यलो. रुखमाबाईची तब्येत उत्तम आहे, आवाजावरून तर शेजाऱ्यांनाही कळते.

पत्राचं कारण असं की, पोळ्याले आमची दिव्यानी येऊन गेली त्यानंतर तिचं तोंड आमाले दिसलं नाई. दिवाळीले तुमी सारे मोठ्या पोराकडं गडचांदूरले गेले. ते रीतीप्रमाणेच झालं, माझी तक्रार नाई. पण येत्या रविवारी गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची आमची वर्षाची जत्रा, आहे. मंडईले गावातल्या झाडून साऱ्या लेकी माहेरी येतात, नाटक ठरलेलं असते, घरोघरी पाहुणे मावत नाईत. आणि दिव्यानीले धाडण्याबद्दल तिनं स्वतः विचारलं तर तुमी 'पाहू' म्हणले असं कळलं. इवाईजी, तुमचं 'पाहू' मले चांगलं माहीत आहे. मार्कंड्याच्या जत्रेत मी तुमाले विचारलं होतं की इथीच जेवून घ्यायचं का, तवा तुमी 'पाहू' म्हणले आणि आपण दोघं उपाशी घरी आलो. आता हे 'पाहू' कशातून निघालं तेही मले समजलं आहे. ते मी धाडलेल्या टमाटराच्या वहीतून निघालं. फोन करून सांगून टाकलं असतं, पण तुमी फोन उचलून राह्यले नाई. शिवाय आमच्या इथी रेंज तलावाच्या पाळीवर एकाच आंब्याखाली येते आणि तिथी चार माणसं आधीच आपापली गुपितं ओरडून सांगत असतात. आणि तांत्रिक बाब लेखी कळवावी, हे तुमचंच सांगणं आहे. म्हणून हा लेखी खुलासा. यात पोरीले धाडा म्हणून गळ घालण्याचा काही हेतू नाई, हे सुरवातीलेच सांगून ठेवतो.

तर आषाढात तुमी द्राक्षटमाटराची तीन पाकिटं धाडली. वर तुमच्या सुंदर अक्षरात अ, ब, क. सोबत एक कोरी वही आणि चार पानं सूचना. तीन वाणांची तुलना करायची, घरच्या बागेले कोणतं वाण चांगलं ते काढायचं, त्यासाठी तीन ओळी, दीड-दीड हात अंतर, ओळीले पाटी. दर आठवड्याले उंची, पहिलं फूल कधी, पहिलं फळ कधी, घोसात नग किती, साल जाड की पातळ, पावसानं तडकते की नाई, आणि शेवटी तीन माणसांनी चाखून दहापैकी गुण. मी ते तीनदा वाचलं. रुखमाबाईनं एकदा वाचलं आणि म्हणाली की भेदरं लावाले एवढं शिकावं लागत असेल तर आपण आजवर खाल्लं ते काय होतं. (इकडं टमाटराले अजूनही भेदरंच म्हणतात. तुमी कृषी खात्यात लागल्यावर 'टोमॅटो' म्हणाले लागले, आमी तिथीच राह्यलो.)

आता माझी एक खोड आहे, ती माझ्या बापाची आणि त्याच्या बापाचीही होती. हातात बियाणं पडलं की आमचे पाय आपोआप चिखलाकडं वळतात. जन्मभर धानच केलं. मी सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, एक कोपरा काढला, त्याले आळं केलं, पाणी भरलं, पायानं तुडवून लोण्यासारखा चिखल केला आणि धानाचे टाकतो तसे तिन्ही वाणांचे पऱ्हे वेगवेगळे टाकले. रोप वर आलं तसं मले भरून आलं, म्हणून आणखी पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलं. तिसऱ्या दिवशी निम्म्या रोपांनी माना टाकल्या. टमाटराच्या रोपाले पोहता येत नाई, हे चार पानांत कुठंच लिहिलेलं नव्हतं. रुखमाबाई चमचा घेऊन आली, तिनं जितकी जिवंत होती तितकी रोपं उकरली आणि गोठ्याच्या भिंतीजवळ कोरड्या, शेणखताच्या मातीत लावली. वाणं मिसळू नये म्हणून अ च्या रोपात हिरव्या बांगडीचे तुकडे टोचले, ब च्या रोपात लाल, आणि क ले काहीच नाई. इतपर्यंत तुमची तुलना शाबूत होती, हे नोंदवून घ्यावं.

मग आली रोवणी. ऑगस्ट सरत आला होता आणि बायनाबाईची अकरा बायांची टोळी आमच्या शेवटच्या बांधीत धान रोवून वर आली होती. बायनाबाई म्हणजे या भागातली रोवणीची मुख्य. तिची टोळी मिळावी म्हणून लोक मे महिन्यापासून तिच्या नातवाचे लाड करतात. मी म्हणलं, आलाच आहात तर सांदवाडीतली एवढी साठ-सत्तर रोपंही लावून टाका, वाफा तयार आहे. आणि मी त्यांच्यासाठी चहा सांगाले आणि माझ्यासाठी तंबाखूचा खर्रा आणाले चौकात गेलो. तिथी एक जण भेटला, त्यानं वाघ कुठं दिसला ते सांगितलं, दुसऱ्यानं कुठं नाई दिसला ते सांगितलं, तेवढ्यात अर्धा तास गेला. परत येतो तर काम झालेलं. बायांनी तिन्हीकडची रोपं उपटली, मुळं धुतली, पेंढ्या बांधल्या, पेंढ्या वाफ्यात भिरकावल्या आणि ओळीनं मागं सरकत रोवून टाकल्या. एका चुडात तीन-तीन रोपं, वीतभर अंतर, ओळ अशी सरळ की दोरी लाजावी. माझ्या हातावर बायनाबाईनं बांगड्यांचे तुकडे ठेवले आणि सांगितलं की रोपात काच पडली होती, बरं झालं वेळेवर दिसली, एखादीच्या पायात गेली असती.

मी तिचे आभार मानले. दुसरं काय करणार होतो? रागावलो असतो तर पुढल्या साली माझं धान रोवाले कोणी आलं नसतं. अशा रीतीनं तुमच्या अ, ब, क ची एकच बिरादरी झाली. मी मनाशी म्हणलं, फळ लागल्यावर रंगावरून ओळखू. फळ लागलं. तिन्हीचा रंग लाल, तिन्हीचा आकार लांबोडका.

आता फळाबद्दल सांगतो, कारण इथीच मोठी चूक झाली. एका चुडातली तीन झाडं एकमेकांच्या गळ्यात पडून एवढी माजली की वाफ्यात मांजर शिरली तर दुसऱ्या बाजूनं निघाले दुपार होत होती. घोसच्या घोस लागले. पण फळ बोटाच्या पेराएवढं झालं आणि तिथंच थांबलं. आमी वाट पाहिली. लाल झालं तरी वाट पाहिली. रुखमाबाईनं कोणालेही हात लावू दिला नाई, इवायाचं बियाणं आहे, पूर्ण वाढू द्या म्हणाली. तुमी म्हणाल नावातच द्राक्ष होतं. होतं ना. पण घड्याळाच्या नावाचं धान आमी इतकी वर्षं खाल्लं, त्यातून कधी टिकटिक ऐकू आली नाई, म्हणून हेही नुसतं नावच असेल असं मी धरून चाललो. मी दोनदा शेणखत घातलं. रस्त्यावरून दिसू नये म्हणून रुखमाबाईनं कुंपणावर जुनं लुगडं वाळत घातलं ते पंधरा दिवस वाळतच होतं. एक दिवस बायनाबाई आली, झाडांकडं पाहून हळहळली, आणि एखाद्याच्या घरी मयत झाल्यावर बसतात तशी ओट्यावर थोडा वेळ बसून गेली. तिच्या मते पिकाची वाढ खुंटली होती आणि यात माझा दोष नव्हता, पाकिटाचा होता.

अशा वेळी तुमचा निरोप आला की वही धाडा. वही कोरी होती. मी ती घेऊन मोहाच्या झाडाखाली बसलो आणि भरली. कशी भरली ते आता खरं सांगतो, कारण हे कबूल केल्याशिवाय मले धान गोड लागणार नाई. मी पंधरा वर्षं गावच्या पैसेवारी समितीत होतो. उभं पीक पाहून रुपयात किती पैसे पिकलं ते नजरेनं ठरवायचं असते. पन्नासच्या वर गेलं म्हणजे पीक चांगलं, आणि पीक चांगलं म्हणजे सवलत नाई, मदत नाई. त्यामुळं आमच्या समितीत पन्नास हा आकडा कोणी तोंडातून काढत नव्हतं. समोर धान छातीएवढं उभं असलं तरी आमी चेहरे पाडून उभे राहत होतो. माझ्या हातालेच ते वळण पडलं, इवाईजी. तुमी गुण दहापैकी मागितले होते, तरी हात आपल्या मनानं लिहीत गेला. अ शेचाळीस पैसे, ब सत्तेचाळीस, क शेचाळीस. (ब ले एक पैसा जास्त दिला कारण पाकिटावर तुमी ब फार छान काढला होता.) उंची अंदाजानं. पहिलं फूल अंदाजानं. शेऱ्याच्या रकान्यात 'पिकाची स्थिती चिंताजनक, तातडीच्या मदतीस पात्र'. खाली 'समक्ष पाहिले' म्हणून बायनाबाईची सही. (ती सही करते. अंगठ्याचा विषय तिच्यासमोर काढू नये.) वही बंद केली तवा मले एक मोठं काम झाल्यासारखं वाटलं होतं.

पंधरा दिवसांनी दिव्यानीचा फोन आला, मी आंब्याखाली गेलो. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मामाजी जेवणावरून उठून गेले. आणि भाजीत टमाटर नव्हताही." मग तिनं सारं सांगितलं. तुमी वही वाचली, चष्मा काढला, वही कपाटावर ठेवली, आणि तवापासून घरात बोलणं कमी केलं. तुमच्या परसबाग मंडळात ती वही वाचून दाखवायची होती म्हणे. आणि तिन्ही वाणं शेचाळीस-सत्तेचाळीस पैशावर पाहून तुमाले वाटलं की आपण निवडलेलं बियाणंच बाद निघालं. तिनं हेही सांगितलं की द्राक्षटमाटर तेवढाच असतो. पेराएवढाच. तो तसाच खायचा असतो. पण त्यापेक्षा मले लागलं ते दुसरंच. तुमी तिले विचारलं होतं की तुझ्या वडिलांनी पीक नीट पाहिलं असेल ना, आणि ती म्हणाली होती की माझे बाबा पिकाबद्दल खोटं लिहीत नाईत. पोरीनं माझ्यासाठी तुमच्यासमोर शब्द टाकला आणि तो मी आधीच मोहाखाली बसून बुडवला होता. मले फार लाज वाटली. अजून वाटते.

घरी आलो तो थेट वाफ्यात. म्हणलं आता खरी तुलना करू. तर झाडावर लाल फळ एक नाई. हिरवी सारी जागेवर, लाल तेवढी गायब. मले वानरांचा संशय आला, पण वानर इतका विचार करून तोडत नाई. दुसऱ्या दिवशी सकाळी लुगड्याआड उभा राह्यलो. (सकाळीच, कारण वाघाची वर्दी असल्यानं पाचच्या आत सारेच घरात असतात.) तर बायनाबाईची टोळी कापणीले जाताना कुंपणातून हात घालून खुडून राह्यली होती. मी समोर आलो तरी कोणी दचकलं नाई. त्यांच्या मते ते बुडालेलं पीक होतं, आणि बुडालेल्या पिकाले कोणी धनी नसतो. तशी सही करून त्यांनीच कागद दिला होता, याचीही बायनाबाईनं मले आठवण करून दिली.

पण इवाईजी, पुढं ऐका, कारण खरा निकाल इथी आहे. त्या बाया पंधरा दिवस ते टमाटर खाऊन राह्यल्या होत्या आणि त्यांनी त्यातल्या तीन जाती बरोबर वेगळ्या काढल्या होत्या, नावंही ठेवली होती. एक 'तोंडातलं'. याची साल कागदावाणी पातळ, गोडी अशी की बायनाबाईनं डोळे मिटून दाखवले, पण दव पडलं की तडकते, म्हणून झाडावरून थेट तोंडातच गेलं पाहिजे. दुसरं 'ओच्यातलं'. साल जाड. सकाळी लुगड्याच्या ओच्यात बांधा, दिवसभर वाकून धान कापा, दुपारी सोडा तरी एक दाणा फुटत नाई, आणि तहानेच्या वेळी पाण्याचं काम करते. तिसरं 'वरणातलं'. नुसतं खाल्लं तर बेचव, पण चार वरणात पडले की घरचा माणूस मुकाट्यानं दुसऱ्यांदा भात मागतो. घोसात नग याचेच सर्वात जास्त, आणि पहिलं पिकलं तेही हेच. कोणत्या झाडाचं कोणतं ते त्या पानाचा वास घेऊन सांगतात, मी तपासून पाहिलं, चुकत नाईत. तुमी तीन माणसांनी चाखावं म्हणले होते, इथी बारा जणींनी चाखलं. माझी स्वतःची साक्ष धरू नये, खर्ऱ्यामुळं माझ्या जिभेले फक्त खर्राच समजतो. रुखमाबाईनं तिन्ही चाखून तिन्ही आंबट म्हणून सांगितलं, पण ती गुळालेही तसंच म्हणते.

म्हणून आधीची वही रद्द समजावी. तुमचं बियाणं अव्वल आहे. तिन्ही वाणांची सुधारित पैसेवारी रुपयाले शंभर पैसे, अशी मी लेखी देतो. हा आकडा माझ्या हातानं जन्मात पहिल्यांदा लिहिला आहे, तोही दोनदा खोडून तिसऱ्यांदा, अक्षर पाहावं. फक्त तुमचं अ म्हणजे तोंडातलं की वरणातलं, एवढं मात्र या जन्मी मले सांगता येणार नाई. इहीनबाईंले नमस्कार, जावईबापूंले आशीर्वाद. कमीजास्त लिहिलं असेल तर पोरीच्या बापाचं म्हणून पोटात घालावं.

आपला इवाई,
रामाजी

ता. क. पत्रात दिव्यानीच्या येण्याचा विषय मी मुद्दाम टाळला आहे, तुमच्या ध्यानात आलं असेल. गडचिरोलीहून मूलले येणारी दुपारची बस एक वाजता सुटते. शनिवारी तिच्यात गर्दी कमी असते. सहज माहितीसाठी लिहिलं.

ता. क. २. सहज नाई. तिची खोली झाडून ठेवली आहे. मंडईत दुसऱ्यांच्या लेकी दारावरून जाताना पाहाव्या लागतील या विचारानं रुखमाबाईले दोन दिवस जेवण गेलं नाई, आणि मलेही नाई. धाडा जी तिले. टमाटराचा राग माझ्यावर काढा, मी मंडई झाल्यावर येऊन तुमच्या समोर बसतो.

ता. क. ३. हे मी रुखमा लिहून राह्यली. यांनी हे वाचलं नाई, पाकीट मीच चिकटवणार आहे. इवाईजी, इहीनबाईंशी परवा माझं बोलणं झालं. तुमच्या गच्चीवरही हीच तीन वाणं होती आणि ती दसऱ्याच्या आतच वाळली, असं त्या म्हणाल्या. तरी तुमी रोज सकाळी रिकाम्या कुंड्यांले पाणी घालता, कारण मंडळाचे लोक त्याच वेळी खालून फिराले जातात आणि त्यांले तुमी गच्चीवर तुलना चालू आहे म्हणून सांगून बसले. वहीचा राग का आला ते मले तवा समजलं. आमच्याकडून ही गोष्ट कुठं जाणार नाई. शनिवारी दिव्यानीले धाडा, तिच्यासोबत तीन रिकामे डबे आणि एक कोरी वही द्या. बायनाबाई वास घेऊन तिन्ही वाणं वेगळी भरून देईल. कोणत्या डब्यावर अ लिहायचं, कोणत्यावर ब, ते तुमी घरी बसून ठरवा आणि तुमच्या गच्चीवरचे म्हणून मंडळात न्या. एवढंच की झाडावर आता सारे हिरवेच आहेत. तीन डबे पिकाले महिना लागते. तोवर पोरगी इथीच राहील.